शेंडेफळाचं जमलं की घर बंद

सरांबरोबर कुठेही जायचं म्हटलं की मला आधी लाज वाटायला लागायची, मग आम्ही निघायचो. पहिल्याच आठवड्यात ते मला ऑफिसखालच्या उडप्याकडे घेऊन गेले. उत्तप्पा मागवला. तिथल्या पोऱ्याने नेहमीप्रमाणे चार भाग करून आणला. सरांनी ताटली हाताने मागे सरकवली.

"मी एक उत्तप्पा मागवला होता. हे चार काय आहेत?"

"साहेब, खाताना तोडणारच ना?"

"खाताना मी तोडीन. ठेवताना तुम्ही का तोडलात?"

आजूबाजूची चार टेबलं आमच्याकडे बघत होती. मी अमरावतीची, पुण्यात नवी, आपल्या 'काहून' आणि 'मले'ला दाताखाली दाबून बसलेली. वाटलं, धरणीमाते, पोटात घे. पण धरणी काही फाटली नाही. दुसरा उत्तप्पा आला, आख्खा. सरांनी तो आधी नीट बघितला आणि मग स्वतःच्या हाताने पहिला तुकडा मोडला. पुढे दोन वर्षांनी माझ्या लक्षात आलं की सरांनी मला नोकरीतलं सगळं शिक्षण त्या दिवशीच देऊन टाकलं होतं.

आमचं सॉफ्टवेअरचं ऑफिस धायरी फाट्याजवळ, हार्डवेअरच्या दुकानावर. आम्ही आठ-नऊ जण. हिंजवडीला जे गेले नाहीत किंवा जाऊन परत आले, असे. सर परत आलेल्यांपैकी. एका मोठ्या कंपनीतून बाहेर पडून ते इथे का आले, हे कुणी विचारलं की म्हणायचे, "तिथून रात्री धायरीला जेवायला येता येत नव्हतं." त्यांना नावं लक्षात ठेवायचा कंटाळा. सगळ्यांना गावाने हाक मारायचे. मी 'अमरावतीकर', अकाउंट्सवाला 'हडपसर', आणि ऑफिसचे मालक, जे वयाने त्यांच्याहून वीस वर्षांनी लहान होते, ते नुसते 'मालक'. पण सगळ्यांना 'अहो'. चहावाल्यालाही अहो. रागावले की जास्तच अहो.

रोज दुपारी एक वाजता त्यांच्या ताईचा फोन यायचा. "जेवलास का?" एवढंच. सर म्हणायचे, "जेवतो," आणि फोन ठेवायचे. ताई म्हणजे त्यांची थोरली बहीण. दोघंच राहायची, धायरी गावात आत. दोघांचीही लग्नं झालेली नव्हती, एवढं ऑफिसला माहीत होतं. त्यापुढे विचारायची कुणाची छाती नव्हती.

छोटी कामं करणारं छोटं ऑफिस आमचं. एखादा दवाखाना, एखादा क्लास, एखादं गाड्यांचं गॅरेज. एका वर्षी एका वधूवर सूचक केंद्राचं काम आलं. पेठेतल्या एका बाईंचं केंद्र, अनेक वर्षांचं. कपाटभर कार्डं, दोन कॉम्प्युटर आणि बाईंची जबरदस्त स्मरणशक्ती, असा सगळा कारभार. आता बाईंचं वय झालं, स्मरणशक्ती दगा द्यायला लागली, म्हणून त्यांना एक ॲप्लिकेशन हवं होतं.

मालक म्हणाले, "नेहमीचं करू. टेबलं मांडू आणि मोकळे होऊ."

टेबलं म्हणजे उभे-आडवे रकाने. सगळी दुनिया माहिती तशीच ठेवते. माणसाचं नाव एका टेबलात, पत्ता दुसऱ्यात, पत्रिका तिसऱ्यात, आईवडील चौथ्यात. माणूस मागितला की इकडून तिकडून गोळा करून उभा करायचा. सरांना ते बघवत नसे. ते ऑब्जेक्ट डेटाबेसवाले होते. त्यात माणूस आख्खा ठेवतात. त्याची पत्रिका, त्याचा फोटो, त्याच्या घरची माणसं, सगळं त्याला धरून असतं तसंच आत जातं आणि तसंच बाहेर येतं.

"मालक, तुम्ही गणपती आणता," सर म्हणाले, "तेव्हा सोंड एका पिशवीत आणि उंदीर दुसऱ्या पिशवीत आणता का?"

"सर, पण जगात सगळे टेबलंच वापरतात."

"जगाचं काम मोठं आहे. आपलं लहान आहे. हिशेब फार आणि नाती थोडी असतील तर खुशाल टेबलं मांडा, मीही मांडीन. इथे हिशेब काही नाही आणि नाती कपाटभर आहेत. एक केंद्र, दोन कॉम्प्युटर. एकच फाईल राहील, ती सांभाळायला वेगळा माणूस नको, आणि लिहायला निम्मं लागेल. आता बोला."

मालकांनी होकार दिला. सरांची निवड बरोबरच होती. छोट्या कामात, जिथे एक गोष्ट दुसरीला धरून आहे, तिथे मी आजही तेच करते. म्हणून पुढे जे झालं त्याचं खापर कुणावर फोडावं, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

काम सुरू झालं. सरांचा एक नियम होता: जिवंत माणसावर प्रयोग करायचा नाही. चाचणीसाठी ते आपल्या नात्यातली गेलेली माणसं आत भरायचे. यमूआत्या, भाऊकाका, चुलत आजोबा. यमूआत्याला मंगळ होता. "आत्या गेली, पण मंगळ कामाला आला," असं म्हणून सर तिला रोज नवी, मनाने रचलेली स्थळं दाखवायचे. एकदा ॲप्लिकेशनने तिला हिंजवडीतला एक सहा फुटी मुलगा सुचवला, अपेक्षा: उंच, नोकरी करणारी, ट्रेकिंगची आवड. सर पोट धरून हसले. "आत्या पावणेपाच फूट. पण त्याला चालवून घ्यावं लागलं असतं. आत्यापुढे कुणाचं चालायचं नाही."

बाईंच्या कार्डांवरची खरी माणसं आत भरली गेली, त्या दिवशी सरांनी आमच्या ऑफिसातल्या ज्या मशीनला बाईंचे कॉम्प्युटर जोडलेले होते, त्यावर कागद चिकटवला: 'येथे माणसे राहतात. प्लग काढू नये.' आणि आम्हाला बजावलं, "दुसऱ्याच्या घरात डोकवायचं नाही. चूक निघाली तर बाई सांगतील, तेवढंच बघायचं."

हे ऐकून मला किती हायसं वाटलं, काय सांगू बाप्पा! कारण त्या कार्डांमध्ये एक कार्ड आमच्या घराचं होतं.

आईने आदल्या दिवाळीला पुण्यात येऊन माझी आणि भावाची, दोघांची नोंदणी त्याच केंद्रात एकत्र केली होती. मी तेहतीस वर्षांची, भाऊ एकोणतीसचा. हे काम आमच्याकडे येईल, हे तेव्हा कुणाला ठाऊक? मी ऑफिसात कुणाला अवाक्षर सांगितलं नाही. उलट स्थळांचा विषय निघाला की मीच मोठ्याने म्हणायची, "अरे, असल्या बाजारात उभं कोण राहणार? आपण बुवा मोकळे." ऑफिसातल्या मुली टाळ्या द्यायच्या. आणि माझी उंची, माझा रंग 'निमगोरा', माझ्या अपेक्षा, ज्या आईने स्वतःच्या मनाने भरल्या होत्या, त्या माझ्या खुर्चीपासून चार हातांवरच्या मशीनमध्ये पडलेल्या होत्या. एक बटण दाबलं असतं तर दिसल्या असत्या. मी कधी दाबलं नाही. लाज वाटायची.

वर्ष सरता सरता भावाचं जमलं. तो आधी नाहीच म्हणत होता. "ताई, तुझं झाल्याशिवाय मी करणार नाही." मी त्याला झापलं. म्हटलं, वेडा आहेस का, कोणत्या जमान्यात राहतोस. तो ऐकला. लग्नात मी करवली. भावामागे कऱ्हा धरून उभी, चौतिसाव्या वर्षी. एक लांबची मामी खाली बसून मोठ्याने म्हणाली, "शोभते बाई अजून करवली म्हणून!" सगळ्या हसल्या. मीही हसले. हातातला कऱ्हा तिच्या डोक्यात घालावासा वाटला होता, ते वेगळं.

त्यानंतर वर्षभर मला एकही स्थळ आलं नाही. दर रविवारी आईचा फोन. "काहून वं, काईच नाही आलं? आधी तं महिन्याला दोन-तीन यायचे." मी म्हणायची, "नाही तर नाही, जाऊ दे." फोन ठेवला की मात्र आरशासमोर उभी राहायची. धाकट्याचं आधी झालं म्हणून लोक बिचकत असतील. मुलीतच काही खोट असेल, असं म्हणत असतील. हळूहळू मलाही वाटायला लागलं, असेल काहीतरी. दुसरं कारण तरी काय असणार? कुणी नकार दिला असता तर निदान त्याच्यावर चिडता आलं असतं. इथे कुणी नकार द्यायलाही आलं नव्हतं.

आणि मग एका दुपारी केंद्राच्या बाईंचा फोन आला. सरांना ऐकू कमी यायचं, म्हणून ते फोन नेहमी स्पीकरवर ठेवायचे.

"अहो, अमरावतीच्या एक बाई मला फोनवर वाट्टेल ते बोलल्या. त्यांची मुलगी म्हणे आमच्याकडे नोंदवलेली आहे आणि आम्ही वर्षभर एक स्थळ कळवलं नाही. मला तर ही मुलगी कुठे दिसतच नाही. नाव घ्या लिहून." आणि बाईंनी नाव सांगितलं. माझं. आडनावासकट. वर म्हणाल्या, "चौतीस पूर्ण, पस्तिसावं लागलं म्हणे. आई रडत होती हो."

मालकांनी खिशातून मोबाईल काढून त्यात तोंड घातलं. टाळ्या देणाऱ्या मुली एकदम कामाला लागल्या. मी कीबोर्डवर बोटं ठेवून बसले होते, कान नुसते पेटले होते. ज्यांच्यासमोर वर्षभर 'आपण मोकळे' म्हणून मिरवले, त्यांना आता माझी आई कशासाठी रडते ते कळलं होतं.

सर फोनमध्ये म्हणाले, "बाई, आवाज फार तुटतोय. नाव काही कळलं नाही. बघतो मी." आणि फोन बंद केला. बाईंचा आवाज खणखणीत येत होता.

मग त्यांनी आपला मॉनिटर थोडा पलीकडे फिरवला, मला दिसू नये असा. दहा-पंधरा मिनिटं आत शोधत राहिले. मग उठून बाहेर जिन्यात जाऊन बसले. एक वाजता ताईचा फोन वाजला, तो टेबलावरच वाजत राहिला. असं कधी झालं नव्हतं.

परत आले ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "मालक, चूक सापडली. माझी आहे."

झालं होतं ते असं. सरांनी आख्खं घर ही एक वस्तू मानली होती, आणि मुलं त्या घराच्या आत. एखाद्याचं लग्न ठरलं की बाई त्याच्या नावापुढचं 'जमलं' हे बटण दाबत. शेवटच्या मुलाचं जमलं की ते घर मिटून बाजूला जावं, म्हणजे बाईंना जुनी घरं दिसत राहू नयेत, अशी सोय सरांनी केली होती. शेवटचं मूल कोणतं? सरांनी सरळ लिहिलं होतं: सर्वांत धाकटं. थोरल्यांची आधीच झालेली असणार, त्यात तपासायचं काय! शेंडेफळाचं जमलं की घर बंद. ती ओळ त्यांनी लिहिली तेव्हा मी शेजारी बसले होते. मलाही ती खटकली नाही. आमच्याकडेही तसंच असतं, असंच वाटलं. मग माझ्या भावाचं जमलं, बाईंनी बटण दाबलं, आणि आमचं घर मिटलं. मी आत.

"टेबलं असती तर हे झालं नसतं," मालक म्हणाले. बोलायची वेळ त्यांचीच होती.

"झालं असतं. नियम माझ्या डोक्यातला होता. पण टेबलांत ही चूक करायला मला चार ठिकाणी खपावं लागलं असतं, तेवढ्यात शुद्ध आली असती. इथे एका ओळीत आख्खं घर बंद झालं. तेवढा दोष माझ्या निवडीचा धरा."

"पण सर, तुमच्यासारख्या माणसाला हे सुचलं कसं नाही? धाकट्याचं आधी होतं की आजकाल."

सर पडद्याकडे वळले. "आमच्याकडे झालं नाही," एवढंच म्हणाले.

संध्याकाळी निघताना माझ्याकडे न बघता म्हणाले, "अमरावतीकर, जरा आमच्याकडे चला. ताईकडे." मला कुठेही जायचं नव्हतं, खोलीवर जाऊन उशीत तोंड खुपसायचं होतं. पण नाही म्हणवलं नाही. पहिल्यांदाच असं झालं की त्यांच्याबरोबर चालताना मला त्यांची लाज वाटली नाही. माझीच पुरेशी होती.

ताई शाळेतून निवृत्त झालेल्या. बारीक, ताठ, केस पांढरेशुभ्र. सरांनी बूट काढले आणि उभ्या उभ्याच सगळं सांगितलं, स्वतःवरची तक्रार शिक्षिकेपुढे मांडावी तसं. शेवटी म्हणाले, "वर्षभर ही मुलगी कुणाला दिसलीच नाही, ताई. माझ्यामुळे."

ताईंनी मला बसायला सांगितलं. पाणी दिलं. मग म्हणाल्या, "धाकटा आधी जाऊ शकतो, हे याला कसं सुचणार? हा स्वतः थांबला ना माझ्यासाठी. माझं जमेना, आणि हा म्हणाला, ताईचं झाल्याशिवाय मी बोहल्यावर चढणार नाही. सगळ्या आळीने कौतुक केलं. भाऊ असावा तर असा!"

"ताई, आता ते कशाला?" सर म्हणाले.

"गप्प बस. ही आली आहे, हिला कळू दे." त्या माझ्याकडे वळल्या. "माझं जमलं नाही याची लाज होती, ती चार-पाच वर्षांत गिळली असती मी. नोकरी होती, शाळेतली पोरं होती. पण माझ्यामुळे याचं झालं नाही, ती लाज रोज सकाळी समोर बसून चहा पिते. ती कशी गिळायची? मला कुणी विचारलंच नाही, थांबू का म्हणून."

सर दाराशी उभे होते. "तू कधी बोलली नाहीस."

"तू कधी विचारलं नाहीस. त्या तुझ्या यंत्रात तरी विचारायची सोय ठेवली आहेस का? की तिथेही आपलं परस्पर घर बंद?"

सरांनी मान खाली घातली. पुण्यातल्या कुणाही माणसाला एका वाक्यात गप्प करणारा हा माणूस, त्याला पायातले मोजे काढायचंही सुचत नव्हतं. मला त्यांच्याकडे बघवेना. मला माझा भाऊ आठवत होता. तो ऐकला नसता तर? मी झापलं तरी थांबला असता तर? मामीचं ते करवलीचं बोलणं मला त्या क्षणी अगदीच किरकोळ वाटलं. ताईंनी पोह्यांची बशी हातात दिली, आणि ते पोहे खाताना मी रडले, सरळ हुंदके देऊन. कुणी मला गप्प केलं नाही.

दुसऱ्या दिवशी सर ऑफिसात आले ते थेट माझ्याजवळ. "अहो, उघडू का?"

एवढ्या वर्षांत कुठलीही चूक दुरुस्त करताना त्यांनी कुणाला विचारलेलं मला आठवत नाही. आणि माझ्या बाबतीत तरी कुणी विचारलं होतं? आईने नोंदवलं, बाईंनी मिटवलं. नको म्हणायला तोंड उघडलं होतं मी. नको म्हटलं असतं तर अब्रू राहिली असती, वर्षभर तेच तर बोलत आले होते. पण ते खरं नव्हतं.

"उघडा," मी म्हणाले. "पण घरातून वेगळी काढून. एकटी."

"तोडावं लागेल."

"तोडा."

सर खुर्चीत बसले. नवा नियम लिहिला: घर घराच्या जागी, माणूस स्वतःच्या जागी, आणि काहीही मिटवायच्या आधी प्रत्येकाला विचारायचं. मग चाचणी. मला वाटलं, आता यमूआत्या येणार. त्यांनी एक नवंच घर भरायला घेतलं. मुलं दोन. थोरली, धाकटा. नावं टाइप केली तशी मी चपापले.

"सर, ही तर जिवंत माणसं आहेत."

"आज चालेल."

त्यांनी ताईंची जन्मतारीख भरली, उंची भरली, शिक्षण भरलं. 'अपेक्षा' या रकान्याशी येऊन बोटं थांबली.

"मला माहीतच नाही हो," ते म्हणाले. रकाना त्यांनी रिकामाच ठेवला. मग स्वतःच्या नावापुढचं 'जमलं' दाबलं. धाकटा बाजूला गेला. पडद्यावर ताई राहिल्या, एकट्या, स्वच्छ दिसत होत्या. सर त्या नावाकडे बघत बसले. डोळे पुसायला त्यांनी चष्मा काढला आणि तो शर्टाने पुसत असल्याचं नाटक केलं.

एक वाजता फोन वाजला. "जेवलास का?"

"जेवतो," सर म्हणाले. पण फोन ठेवला नाही. स्पीकर बंद करून तो कानाला लावला, आणि "ताई, तुला एक विचारायचं होतं," असं म्हणत जिन्यात गेले.

पडद्यावर आता खऱ्या माणसांपैकी एक नाव उघडायचं राहिलं होतं. मालक चहाचा कप घेऊन मागे येऊन उभे राहिले. बिचारे सभ्य माणूस, माहीत असूनही माहीत नसल्यासारखं म्हणाले, "ते अमरावतीचं एक होतं ना, त्याचं काय झालं? कुणाचं होतं ते?"

टाळ्या देणाऱ्या मुलींनी माना वर केल्या. माझे कान पुन्हा पेटले.

"माझं," मी म्हणाले, आणि बटण दाबलं.